वाचक विचारतात: जपानच्या आमा बायकांचं काम

प्रश्न: रील्समध्ये पांढरे कपडे घातलेल्या जपानी बायका समुद्रात बुडी मारून मोती काढताना दिसतात. हे खरंच अजून चालतं का, की नुसता पर्यटकांसाठी शो आहे? आणि सिलेंडर का लावत नाहीत, काम सोपं होईल ना?
— एक वाचक, अलिबाग

तुम्ही बघितलं ते बहुतेक मिए प्रांतातल्या तोबाजवळच्या मिकिमोतो बेटावरचं असणार, तिथे आमा, म्हणजे नुसता दम धरून बुडी मारणाऱ्या बायका, पांढऱ्या पोशाखात बुडी मारून दाखवतात. मोत्यांची शेती सुरू करणाऱ्या कोकिची मिकिमोतोंनी 1893 मध्ये पहिले अर्धगोल मोती तयार केले आणि पुढे त्यांच्या मोत्यांच्या शेतीसाठी शिंपले तळातून काढून आणायचं काम याच बायकांनी केलं, त्यामुळे तो शो खोटा नाही. पण रोजची आमा काळ्या वेटसूटमध्ये असते आणि ती मोती काढायला जात नाही. ती आणते आवाबी (आपण अॅबलोनी म्हणतो तो, खडकाला चिकटून राहणारा शंख), साझाए नावाचे शंख, समुद्री काकडी, खायचं शेवाळ.

एक बुडी साधारण 50 सेकंदांची. तेवढ्यात खाली जायचं, खडकाच्या कपारीत हात घालून आवाबी शोधायचा आणि त्याच्या खाली लोखंडी पट्टी सारून एका झटक्यात उचकटायचा, कारण पहिला वार चुकला की तो दगडाला असा घट्ट धरून बसतो की मग दम संपतो पण तो सुटत नाही. वर आल्यावर ती ओठ आवळून हळूहळू श्वास सोडते, त्याची शिट्टीसारखी लांब शीळ निघते, तिला इसोबुए म्हणतात. काही जणी किनाऱ्यावरून पोहत जातात, काही नवऱ्याबरोबर होडीतून. होडीवाली वजन धरून झपकन खाली जाते आणि दोरीला हिसका दिला की वर बसलेला नवरा तिला खेचून घेतो. म्हणजे तिचा जीव अक्षरशः त्याच्या हातात असतो, आणि घरात कमावती मात्र ती!

आता सिलेंडरचं. न लावणं हा परंपरेचा हट्ट नाहीये, तो नियम आहे. सिलेंडर लावला तर एका सीझनमध्ये अख्खा खडक साफ होईल हे त्यांना पक्कं माहीत आहे. मिएमध्ये 10.6 सेंटीमीटरपेक्षा लहान आवाबी उचलायचाच नाही, त्यासाठी माप सोबत असतं, आणि मध्य सप्टेंबर ते डिसेंबर अखेर आवाबीला बंदी. गावागावाचे नियम वेगळे, पण बऱ्याच ठिकाणी पाण्यात उतरायची वेळसुद्धा ठरलेली, दिवसाला तास-दीड तासाची एखाद-दोन सत्रं, बस्स. मला यांच्याबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटतो तो याचा. दम धरणं सरावाने येईल हो, पण समोर दिसतंय, हात पोचतोय आणि तरी सोडून द्यायचं, हे रोज करणं फार अवघड आहे.

प्रश्न: मग हे काम कमी का होतंय? नव्या मुलींना नको असतं म्हणून का?
— एक वाचक, रत्नागिरी

ते आहेच, पण सगळा दोष मुलींवर टाकू नका. 1956 साली जपानभरात सतरा हजारांवर आमा होत्या, 2010 पर्यंत दोन हजारांच्या आसपास उरल्या, आणि आहेत त्यातल्या बऱ्याच जणी साठी-सत्तरीच्या. मूळ दुखणं तळाशी आहे. पाणी गरम होतंय, आवाबी ज्या मोठ्या समुद्री शेवाळावर जगतो ती शेवाळाची जंगलं मरतायत, नुसते उघडे खडक राहतात. मुलगी कितीही तयार असली तरी खाली काही नसेल तर ती खाणार काय? आणि जपानच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या नोतो भागात तर 1 जानेवारी 2024 च्या भूकंपाने समुद्राचा तळच काही ठिकाणी चार मीटरपर्यंत वर उचलला गेला, तिथल्या वाजिमा गावच्या आमांचं बंदर निकामी झालं, ओळखीचे खडक पाण्याबाहेर आले. 2018 मध्ये सरकारने वाजिमाच्या आमांच्या कामाला राष्ट्रीय वारशाचा दर्जा दिला होता. नुसत्या दर्जाने पोट भरत नाही.

प्रश्न: आमा सोडून बाकी बायका काय करतात?
— एक वाचक, वसई

खूप काही, फक्त त्यांचे फोटो कोणी काढत नाही. हिरोशिमात कालवं फोडणाऱ्या, होक्काइदोत कोंबू (खायचं शेवाळ) वाळवणाऱ्या, बंदरावर मासळी निवडणाऱ्या. मिएतल्याच इसेच्या किनाऱ्यावरून ओसाकाला मासळी विकायला जाणाऱ्यांसाठी किंतेत्सु रेल्वेने 1963 पासून स्पेशल गाडी चालवली, ती मार्च 2020 मध्ये बंद झाली. त्या विक्रेत्यांमध्ये बायका भरपूर होत्या, आपल्या कोळणींना ही गाडी नक्की कळेल. एक गोष्ट मात्र मला खटकते, मासेमारी सहकारी संस्थांच्या सभासदांत बायकांचं प्रमाण फारच कमी आणि संचालक मंडळात तर त्याहून कमी. काम दोघांचं, सही एकाची.

प्रश्न: जपानला जाणार आहोत, आमांना भेटता येईल का?
— एक वाचक, पुणे

हो. तोबा शहरातल्या ओसात्सू गावी जा, तिथे आमांच्या झोपडीत शेगडीभोवती बसून त्यांच्याच हातचे भाजलेले शंख-शिंपले खाता येतात, आधी बुकिंग करा. तोबालाच समुद्री लोकजीवनाचं म्युझियम आहे, तिथे त्यांची जुनी अवजारं बघा. त्यांच्या डोक्याच्या फडक्यावर एक चांदणी आणि एक जाळी असते, चांदणी एका रेघेत निघून जिथून सुरू झाली तिथेच परत येते, तसं आपणही परत यावं म्हणून. आणि फोटो काढण्याआधी विचारा, कामाला निघालेली बाई असते ती.