गांडूळ म्हटलं म्हणून

चिकू,

शनिवारी पाऊस थांबल्यावर फुटपाथवर लांबलचक गांडूळ दिसलं आणि तू ओरडलीस, "बाबा, गांडूळ!" समोरून मराठी शाळेतली मंडळी येत होती, म्हणून मी "हळू" म्हणालो. घरी येईपर्यंत तू गप्प. मग विचारलंस, "तुलाच लाज वाटते तर मला शिकवतोस कशाला?"

शब्द वाईट नाही गं. पहिल्या दोन अक्षरांवरून आम्हीही शाळेत खिदळायचो. बाई विचारायच्या, "शेतकऱ्याचा मित्र कोण?" आणि मागच्या बाकावर उत्तर कुणाला पुरं करता यायचं नाही. आता शोधलं तर म्हणे संस्कृतातल्या 'गण्डूपद'शी त्याचं नातं. गंड म्हणजे गाठ, पद म्हणजे पाय. पाय नसलेल्या जिवाच्या नावात पाय! अमरकोशात त्याच्याच शेजारी 'महीलता' आहे, जमिनीची वेल. किती छान, पण बोलतं कोण?

कुडाळला बापूआजोबा काडू म्हणायचे, माईआजीच्या माहेरी कोल्हापूरकडे दानवं. आषाढात शेणाच्या ढिगाजवळ उकरून आम्ही करवंटीत ओल्या मातीसकट काडू गोळा करायचो, व्हाळावर गळ टाकायला. बोटाला गार वेटोळं घालायचं ते. शमाकाका तोडून ओवायचा आणि म्हणायचा, "घाबरू नको, एकाची दोन होतात." होत नाहीत. डोक्याकडचा भाग जगला तर जगतो, शेपटीकडचा मरतो. मला तेव्हाही ते खरं वाटलं नव्हतं, पण मासा हवा होता.

माणसाला मात्र बापू गांडूळच म्हणायचे. कणा नसलेला, कुणालाही भिणारा. शनिवारी ते बरोबर असते तर कुणाला म्हणाले असते, ते मला ठाऊक आहे.

तूच सांगितलंस ना, ओंटारिओतली बहुतेक गांडुळं युरोपातून माणसांबरोबर आलेली, हिमयुगानंतर इथे जवळजवळ नव्हतीच? मग त्यांना आपलं एखादं नाव द्यायला काय हरकत आहे, असं आपलं मला वाटतं. आग्रह नाही. शाळेत 'वर्म' म्हण, खुशाल म्हण. फक्त मराठीत वर्म म्हणजे निराळंच, जिथे तुझा प्रश्न लागला ते.

पुढच्या पावसात मोठ्याने ओरड. मी 'हळू' म्हणणार नाही. म्हणालोच, तर हे पत्र दाखव.

बाबा