वाचकांचे प्रश्न : थंडरबर्डमधली चूक कळवताना

प्रश्न : थंडरबर्ड या ईमेल वाचायच्या प्रोग्राममध्ये इनबॉक्समधल्या एका मेलवर क्लिक केलं की भलत्याच मेलचा मजकूर उघडतो. बगझिलावर (चुका कळवण्याच्या संकेतस्थळावर) स्क्रीनशॉट जोडून कळवलं, पण 'इनकम्प्लीट' असा शेरा मारून तक्रार बंद केली. आता काय करू?
— एक वाचक, सांगली

उत्तर : 'इनकम्प्लीट' म्हणजे तुमचं म्हणणं खोटं ठरवलेलं नाही. पुढे शोध घ्यायला लागणारी माहिती मिळाली नाही, एवढाच त्याचा अर्थ. नवी तक्रार टाकू नका. आहे तिच्याखालीच माहिती लिहा, ती पुन्हा उघडता येते.

थंडरबर्ड सहसा एका फोल्डरचे सगळे मेल एकाच मोठ्या एमबॉक्स फाइलीत ठेवतो. कोणता मेल त्या फाइलीत कुठून सुरू होतो, याची नोंद शेजारच्या एमएसएफ फाइलीत असते. ही नोंद सरकली की यादीत विषय एकाचा आणि मजकूर दुसऱ्याचा दिसतो. कॉम्पॅक्ट (पुसलेल्या मेलची जागा मोकळी करणं) अर्धवट थांबणं, अँटिव्हायरसने फाइल अडवणं, प्रोफाइल (तुमचे मेल आणि सेटिंग ठेवलेला फोल्डर) क्लाउडशी सिंक होणाऱ्या फोल्डरात असणं ही नेहमीची कारणं. पण चूक थंडरबर्डच्या कोडमध्येही असू शकते, आणि तेच तपासायचं आहे.

बहुतेक जण आधी 'रिपेअर फोल्डर' दाबतात. त्याने नोंद नव्याने तयार होते, त्रास थांबतो आणि पुरावाही जातो. म्हणून आधी हेल्प मेनूतल्या ट्रबलशूटिंग माहितीच्या पानावरून प्रोफाइल फोल्डर उघडा, थंडरबर्ड बंद करा आणि त्या मेल फोल्डरच्या दोन्ही फाइलींची प्रत काढून ठेवा. मगच रिपेअर करा. त्यानंतर त्रास परत आला नाही, तर तेवढंच लिहा. परत आला, तर त्याच्या लगेच आधी काय केलं होतं ते आठवा. ट्रबलशूट मोडमध्ये, म्हणजे ॲड-ऑन बंद ठेवूनही, तसंच होतं का ते बघा. मग कोऱ्या प्रोफाइलमध्ये तेच खातं जोडून बघा.

तक्रारीतल्या पायऱ्या अशा हव्यात (आयमॅप म्हणजे मेल सर्व्हरवर ठेवून वाचायची पद्धत) : '१. आयमॅप खातं, मेल ऑफलाइन साठवणं चालू. २. फोल्डरमधले वरचे ३ मेल पुसले. ३. फोल्डर कॉम्पॅक्ट केला. ४. पाचवा मेल उघडला. दिसायला हवं : त्याचाच मजकूर. दिसलं : सहाव्या मेलचा उत्तरार्ध.' सोबत आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम आणि एरर कन्सोलमधल्या (चुकांच्या नोंदींची खिडकी, कंट्रोल-शिफ्ट-जे) ओळी मजकूर म्हणून चिकटवा, कारण स्क्रीनशॉटमधली ओळ शोधता येत नाही.

जुन्या आवृत्तीत हा त्रास नव्हता अशी खात्री असेल, तर मोझरिग्रेशन हे साधन वापरा. त्रास नव्हता ती आणि त्रास होता ती तारीख दिली की ते मधल्या रोजच्या आवृत्त्या निम्म्या-निम्म्या करत तपासायला देतं. वर्षभराचं अंतर साधारण ९ चाचण्यांत एका दिवसावर येतं. तक्रारीला याहून मोठं बळ कशानेच येत नाही.

प्रश्न : बगझिलावर 'फिक्स्ड' लिहिलंय, माझ्याकडे मात्र चूक तशीच आहे.
— एक वाचक, पणजी

उत्तर : दुरुस्ती आधी 'डेली'त (रोजच्या चाचणी-आवृत्तीत) जाते, मग बीटात (प्रकाशनाआधीच्या चाचणी-आवृत्तीत), मग मासिक आवृत्तीत. ईएसआर (दीर्घकाळ आधार मिळणारी आवृत्ती) घेतलं असेल, तर त्यात निवडक दुरुस्त्याच उतरवतात. तक्रारीच्या पानावर आवृत्तीनिहाय स्थिती असते, ती 'अबाउट'मधल्या आकड्याशी ताडून बघा. बीटा जरूर वापरून बघा, पण वेगळ्या प्रोफाइलमध्ये : नव्या आवृत्तीने उघडलेलं प्रोफाइल जुनी आवृत्ती सहसा उघडू देत नाही. दुरुस्ती चालली की नाही, तेही तक्रारीखाली लिहा. कोड लिहिणाऱ्याकडे तुमचा सर्व्हर नसतो.

प्रश्न : तक्रारीखाली माझ्याकडून आयमॅप लॉग (सर्व्हरशी झालेल्या संवादाची नोंद) मागितलाय. पाठवणं सुरक्षित आहे का?
— एक वाचक, बंगळूर

उत्तर : लॉगिनच्या ओळी थंडरबर्ड लॉगमध्ये गाळतो. मात्र पत्ते, विषय, फोल्डरांची नावं, कधी मजकूरही राहतो, आणि बगझिलावर जोडलेली फाइल सहसा कुणालाही दिसते. चाचणीसाठी वेगळं खातं उघडून त्याचा लॉग द्या. तेवढ्यावर चूक दिसत नसेल, तर लॉग मजकूर-संपादकात उघडा आणि प्रत्येक खऱ्या पत्त्यासाठी एक वेगळा खोटा पत्ता ठरवून सगळीकडे तोच घाला. ओळी मात्र काढू नका, क्रम तुटला तर लॉग निरुपयोगी.