‘एनएस’ म्हणजे फरक नाही असं नव्हे

प्रश्न: नमस्कार सर, माझा भाऊ ॲग्रीला एम.एस्सी. करतोय, थिसिससाठी त्यानं उसावर एका खताचा प्रयोग घेतला. खत न घातलेल्या प्लॉटचं टनेज हेक्टरी ९८, घातलेल्याचं १०६, खाली सीडी ११ आणि पुढं ‘एनएस’. निष्कर्षात त्यानं “खताने उत्पादनात फरक पडत नाही” असं लिहिलंय. पप्पा म्हणतात, ८ टन डोळ्यानं दिसतोय की! कुणाचं बरोबर?
— एक वाचक, कसबा बावडा, कोल्हापूर

उत्तर: ताई, भावाचं वाक्य जास्त चुकलंय म्हणून आधी तेच घेतो. एनएस म्हणजे नॉन सिग्निफिकंट, मराठीत आपण “लक्षणीय नाही” लिहितो आणि घोळ तिथंच होतो, कारण पेपरात “लक्षणीय वाढ” वाचलं की भरपूर वाढ असंच वाटतं. संख्याशास्त्रात हा शब्द फरक केवढा हे सांगतच नाही. तिथं विचारतात ते असं की समजा खताचा काहीच परिणाम नाही, तरी एक प्लॉट पाटाच्या तोंडाला, दुसरा बांधाकडंला झाडाच्या सावलीत, अशा नुसत्या रानातल्या उन्नीस-बीसमुळं एवढा किंवा याहून मोठा फरक शंभरात किती वेळा दिसेल? पाचपेक्षा कमी वेळा, तर सिग्निफिकंट. हे ५ टक्के रूढ झाले ते रोनाल्ड फिशरच्या १९२५ च्या पुस्तकामुळं, आणि फिशर तेव्हा इंग्लंडात रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात कामाला होते, म्हणजे हे गणित रानातूनच आलंय.

आता तुमचे आकडे बघा. सीडी म्हणजे क्रिटिकल डिफरन्स, फरक सिग्निफिकंट ठरायला निदान एवढा लागतो. तुमचा फरक ८, सीडी ११ पेक्षा कमी, म्हणून एनएस. पण ८ मधून ११ वजा करा, मग ८ मध्ये ११ मिळवा, उणे ३ ते १९ असा पट्टा येतो. खताचा खरा फरक त्यात कुठंही असला तरी हे आकडे त्याच्याशी जुळतात. हेक्टरी १९ टन म्हणजे एकरी साडेसात टनाच्या वर, एवढं शक्य असताना “फरक पडत नाही” कसं लिहायचं? आणि शून्यपण त्याच पट्ट्यात बसतो, म्हणून पप्पांनाही ८ टन खतामुळंच आले असं छातीठोक म्हणता येत नाही.

उलटंही होतं, प्लॉट पुष्कळ असले की एका टनाचा फरकसुद्धा सिग्निफिकंट येतो, पण त्यात खताच्या पोत्याचे पैसे सुटतात का ते वेगळं बघायला लागतं.

भावाला सांगा, “या प्रयोगात फरक सिद्ध झाला नाही” असं लिही, शेजारी ८ आणि तो पट्टा दे, रिप्लिकेशन किती होती, म्हणजे खताचा आणि बिनखताचा प्लॉट प्रत्येकी किती वेळा घेतला, तेही टाक. पुढच्या लागणीला रिप्लिकेशन वाढवली तर पट्टा अरुंद होईल.