ठाणे खाडीत फ्लेमिंगो नक्की कधी दिसतात? आम्ही गेलो तर नुसता चिखल होता.

'नुसता चिखल' वाचलं आणि राहवलं नाही. आमचे दाजी गेली चार वर्षं घरच्या प्रत्येक कार्यात हेच ऐकवतात: "ह्यानं ऐरोलीला नेऊन चिखल दाखवला."

चूक माझीच. पौर्णिमा होती आणि आम्ही नवी मुंबईतल्या ऐरोलीच्या खाडीकाठी पोचलो संध्याकाळी पाचला. मुंबईत पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आसपास, म्हणजे पाचला पाणी पार उतरलेलं. कोळ्यांच्या पोरांना झोपेतही ठाऊक असतं हे. बोट सुटण्याइतकं पाणी नव्हतं आणि फ्लेमिंगो म्हणजे लांबवर एक गुलाबी रेघ.

दाजी मोबाईल काढून बसले. भाची मात्र काठावर उकिडवी बसली. खाली तिवराची मुळं पेन्सिली खोचल्यासारखी वर आलेली आणि त्यांच्यामध्ये निवट्या. पुढच्या परांवर रेटा देत सरपटणारा मासा! दोन निवट्या समोरासमोर आल्या, पाठीवरचे पर ताठ उभारले, तोंडं वासली. बाजूला एक इवलासा खेकडा आपली एकच मोठी नांगी हलवत होता. भाची उठायला तयार नाही.

माझं स्पष्ट मत: चिखल नाही तर फ्लेमिंगो नाही. इथे बहुतेक छोटे रोहित, म्हणजे फ्लेमिंगोंची लहान जात, येतात. चोच उलटी धरून पाण्या-चिखलातलं बारीक शेवाळ गाळून खातात. शेकाट्यांचं, म्हणजे त्या लांब पायांच्या पाणपक्ष्यांचं, पोटही त्याच चिखलावर. 2015 साली अभयारण्य झालं, 2022 साली जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत नाव लागलं, तरी लोकांना हवा फक्त गुलाबी फोटो.

तर, नोव्हेंबर ते मे. भरतीचं वेळापत्रक बघून ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून बोट घ्या. भरती चढत असताना थोडा चिखल उघडा असतो, तेव्हा पक्षी आटोक्यात दिसतात. पूर्ण भरतीला ते उडून नेरूळकडच्या तळ्यांवर जातात.

एक मात्र कबूल करायला हवं. दाजी खाडीला गटार म्हणतात ते अगदीच खोटं नाही. सांडपाण्यामुळेही शेवाळ माजतं. पण म्हणून वाटेल ते सोडा असं नव्हे, कारखान्यांचं रसायन कुणालाच पोसत नाही.

आणि बोटीत टाळ्या वाजवून थवा उडवू नका. पुढच्या वर्षी मी दाजींना बरोबर वेळ साधून नेलं, हजारोंनी पक्षी दाखवले, तेव्हा त्यांनी व्हिडिओसाठी नेमकं हेच केलं. ते मात्र कुठल्याच कार्यात सांगत नाहीत.