सोन्याच्या आधी धान्याचा हिशोब बघ

तुझा मेल नीट वाचला, आणि विषय छान निवडलायस हे आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं वाचून तोंड पाडून बसणार नाहीस. इजिप्तचे राजे, त्यांची सत्ता, धर्म, दफनाच्या पद्धती, भरपूर मोठं रान आहे. पण तुझ्या लिखाणाचा आराखडा बघितला तर पहिलं प्रकरण तुतनखामुन, तो सोन्याच्या थडग्यातला तरुण राजा, दुसरं ममी कशी बनवतात आणि तिसरं चक्क त्याचं थडगं उघडणाऱ्यांना लागणारा शाप! शाप आजच्या आज काढ. खोदकामाला पैसे पुरवणारा लॉर्ड कार्नार्व्हन थडगं सापडल्यावर पाच महिन्यांत गेला हे खरंय, डास चावलेल्या जागी जंतुसंसर्ग होऊन गेला, पण ज्याने ते थडगं शोधलं आणि वर्षानुवर्षं त्यात काम केलं तो हॉवर्ड कार्टर 1939 पर्यंत जगला. विषय संपला.

तुतनखामुनवर पण जास्त पानं घालवू नकोस. सगळ्यात आतली शवपेटी 110 किलो सोन्याची, आत पाच हजारांवर वस्तू, हे सगळं खरं, पण तो अठरा-एकोणीस वर्षांचा असताना गेला आणि त्याला पुरलं राजाच्या मानाने अगदी लहान थडग्यात. त्यावरून श्रीमंती कळते, सत्ता कशी चालायची ते नाही कळत. त्या थडग्यातली एक भिंत मात्र अजिबात सोडू नकोस. तिच्यावर आय नावाचा म्हातारा बिबट्याचं कातडं पांघरून तुतनखामुनच्या ममीचा 'मुखोद्घाटन' विधी करताना दाखवलाय, म्हणजे मेलेल्याला परत बोलता-खाता यावं म्हणून अवजाराने तोंडाला स्पर्श करायचा विधी. हा विधी वारसाने करायचा, मुलाने. आय त्याचा मुलगा नव्हता, दरबारातला बडा अधिकारी होता, पण चित्रात डोक्यावर राजमुकुट घालून उभा आहे. अंत्यविधी ज्याने केला राज्य त्याचं, हा सरळ दावा आहे. जिवंत राजा म्हणजे होरस देव, मेलेला राजा म्हणजे त्याचा बाप ओसायरिस, मृतांचा देव, आणि बापाला नीट पुरणारा तो नवा होरस, या समजुतीवर गादी चालायची, त्यामुळे तिथे दफन हा घरगुती शोक नव्हताच, तो सत्तांतराचा कार्यक्रम होता. तुझं पहिलं प्रकरण इथून सुरू कर.

मग धर्म. राजाचं मुख्य काम म्हणजे 'मात' टिकवणं: जगाची घडी, न्याय, पूर वेळेवर येणं, देवांना नैवेद्य मिळणं, सगळं त्यातच. ते काम राजा मेल्यावरही सुरू राहावं म्हणून एवढा खटाटोप. गिझाच्या पिरॅमिडबद्दल एलियनवाले व्हिडिओ तू पाहिले असशीलच, त्याऐवजी मेरेरची डायरी बघ. 2013 मध्ये तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फला पपायरसचे तुकडे सापडले, गिझाचा मोठा पिरॅमिड बांधवणाऱ्या खुफू राजाच्या शेवटच्या वर्षांमधले, म्हणजे साडेचार हजार वर्षांपूर्वीचे. मेरेर हा साधारण चाळीस माणसांच्या टोळीचा मुकादम. तुराच्या खाणीतून चुनखडीचे दगड होडीत भरायचे, नाईल आणि कालव्यांमधून गिझाला न्यायचे, परत यायचं, आणि कुठे मुक्काम केला त्याची रोजची नोंद. वरचा साहेब अंखहाफ, खुद्द राजाचा सावत्र भाऊ. सोबतच्या कागदांत धान्यपाण्याचे हिशोब पण आहेत. देवत्वाचा एवढा मोठा डोंगर उभा राहिला तो अशा नोंदींवर, आणि मला तरी हे एलियनपेक्षा शंभरपट भारी वाटतं.

ममीचा भाग थोडक्यात उरक, तो सगळीकडे मिळतो. सत्तर दिवस, नेट्रॉन क्षारात वाळवणं, मेंदू नाकावाटे काढून फेकून देणं, यकृत-फुफ्फुसं-जठर-आतडी वेगळी जपून ठेवणं, आणि हृदय शक्यतो आतच ठेवणं, कारण पुढे ओसायरिसच्या दरबारात ते मातच्या, म्हणजे न्यायाच्या, पिसाशी तोलायचं असतं. यापेक्षा परलोकाचा हक्क कोणाकोणाकडे सरकत गेला ते बघ. सक्कारामध्ये उनास राजाच्या पिरॅमिडच्या आत, साधारण इ.स.पू. 2350 च्या सुमारास, पहिल्यांदा भिंतींवर मंत्र कोरले, ते फक्त राजासाठी. काही शतकांनी तसलेच मंत्र सरदार-अधिकाऱ्यांच्या शवपेट्यांवर दिसायला लागतात. आणि 'नवं राज्य' म्हणतात त्या काळात (साधारण इ.स.पू. 1550 ते 1070) तर मृतांच्या ग्रंथाच्या, म्हणजे परलोकासाठीच्या मंत्रसंग्रहाच्या, तयार गुंडाळ्या मिळायच्या, नावाची जागा कोरी, पैसे मोजा आणि नाव घालून घ्या. राजाची मक्तेदारी अशी हळूहळू झिरपत खाली आली, यावर एक अख्खं प्रकरण होईल.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. देर अल-मदिना. राजांच्या दरीतली थडगी खोदणारे, रंगवणारे कारागीर ज्या गावात राहायचे ते गाव. हे लोक सरकारी नोकर, पगार धान्यात, साध्या कारागिराला महिन्याला साधारण चार पोती गहू आणि दीड पोतं जव, भाकरी आणि बियरसाठी. रामसेस तिसऱ्याच्या 29 व्या वर्षी, इ.स.पू. 1157 च्या आसपास, हा पगार थकला. महिन्याचे अठरा दिवस गेले, आम्ही उपाशी आहोत, असं म्हणत ते काम टाकून चौक्या ओलांडून बाहेर पडले आणि थुतमोस तिसऱ्याच्या मंदिरामागे जाऊन बसले. कपडा नाही, तेल नाही, मासे नाहीत, भाजी नाही, राजाला कळवा, वजीराला कळवा. लिहून ठेवलेला इतिहासातला पहिला संप म्हणून हा ओळखला जातो, त्याची नोंद असलेला पपायरस आज इटलीत तुरिनला आहे. आणि वेळ बघ, राजाच्या तिसाव्या वर्षाचा मोठा उत्सव तोंडावर आलेला, वजीर त्याच्या तयारीत देवांच्या मूर्ती गोळा करत फिरतोय आणि देवराजाचं थडगं खोदणाऱ्यांच्या घरात दाणा नाही. हा रामसेस पुढे दोन-तीन वर्षांत जनानखान्यातल्या कटात सापडला, 2012 मध्ये ममीच्या स्कॅनचा निष्कर्ष आला तेव्हा गळा खोलवर चिरलेला निघाला.

अजून साधारण चाळीस-पन्नास वर्षं पुढे ये, रामसेस नववा, सोळावं वर्ष. अमेनपानुफर नावाच्या दगडकाम करणाऱ्याचा कबुलीजबाब आपल्याकडे आहे. त्याच्या टोळीने सोबेकेमसाफ राजाचं थडगं फोडलं, ममीवरचं सोनं ओरबाडलं, शवपेट्या जाळल्या, सोनं आठ जणांत वाटून घेतलं, प्रत्येकी वीस देबेन, म्हणजे जवळपास पावणेदोन किलो. मग हा पकडला गेला, आपला वाटा कारकुनाला दिला, सुटला, आणि परत गेल्यावर साथीदारांनी त्याला नुकसानभरपाई पण दिली! वाचताना हसू येतं पण पुढे चौकशीत यांना झोडपून काढलंय, ते पण लिही.

इथे एक मोह होईल, की बघा, धर्म-बिर्म सगळं ढोंग, आतून कोणाचाच विश्वास नव्हता. तसं लिहू नकोस प्लीज. देर अल-मदिनाच्याच सेन्नेजेम नावाच्या कारागिराचं थडगं 1886 मध्ये न लुटलेलं सापडलं, त्याच्या भिंतीवर तो आणि त्याची बायको परलोकातल्या शेतात नांगरणी-कापणी करतायत, पीक डोक्याएवढं उंच. पगारासाठी मंदिरामागे ठाण मांडणारी आणि मेल्यावर ओसायरिसपुढे उभं राहायची तयारी करणारी माणसं एकाच गावातली होती. माणूस दोन्ही असू शकतो की.

चोरांवरच सगळं ढकलू पण नकोस. पुढच्या, एकविसाव्या राजघराण्याच्या काळात पुरोहितांनी जुन्या राजांच्या ममी सुरक्षिततेच्या नावाखाली हलवल्या, नव्याने गुंडाळल्या, वर शाईने नोंदी केल्या, रामसेस दुसरासुद्धा त्यातच, 1881 मध्ये देर अल-बहरीच्या एका लपवलेल्या थडग्यात हे सगळे राजे एकत्र सापडले. सोनं मात्र अंगावर जवळजवळ काहीच नव्हतं. आणि त्याच घराण्यातल्या सुसेनेस पहिल्या राजाची बाहेरची दगडी शवपेटी तानिसला 1940 मध्ये निघाली ती मुळात मेरेनप्ताहची, म्हणजे रामसेस दुसऱ्याच्या मुलाची, नाव बदलून वापरलेली. खजिना आटल्यावर राज्य स्वतःच जुनी थडगी रिकामी करत होतं असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे आणि मला ते पटतं.

जमलं तर वडोदऱ्याला जाऊन ये, तिथल्या म्युझियममध्ये सयाजीराव महाराजांनी आणलेली ममी आहे, फोटोवर किती दिवस काढणार. आणि मसुदा पाठवशील तेव्हा आधी संपाचं प्रकरण पाठव, तुतनखामुनचं सगळ्यात शेवटी, आणि रामसेस तिसरा कुठला, नववा कुठला, याचा एक तक्ता करून भिंतीला चिकटव, नाहीतर अर्धा वेळ मी तेच दुरुस्त करत बसेन.