पाटीवरची सोनेरी अक्षरं साफ करताना

आजोबांच्या दुकानाची लाकडी पाटी उजळायला घेताय, फार बरं वाटलं. पण ब्रासो, लिंबू, चिंच यांतलं काहीही अक्षरांना लावू नका. सोन्याचा वर्ख मिलिमीटरच्या साधारण दहा हजाराव्या भागाइतका पातळ असतो, घासला की गेलाच.

आधी ते सोनंच आहे ना, बघा. सोनं काळवंडत नाही. अक्षरं तपकिरी किंवा हिरवट पडली असतील तर बहुधा पितळेच्या भुकटीचा रंग आहे.

वर्ख पोपडे धरून सुटत असेल तर हात लावू नका, जाणकाराला दाखवा. घट्ट असेल तर मऊ ब्रशने धूळ झाडा. मग कापसाची काडी थुंकीने जेमतेम ओली करून एका कोपऱ्यात नखाएवढ्या जागेवर फिरवा. किळस वाटेल, पण संग्रहालयांतही हेच करतात. थुंकीतली विकरं (एन्झाइम) मळ सोडवतात. कापूस करडा झाला तर मळ निघतोय. त्यावर सोनेरी कण दिसले तर तिथेच थांबा. साफ झालेली जागा पाण्याने जेमतेम ओल्या केलेल्या दुसऱ्या काडीने टिपून घ्या.

नवा वर्ख फक्त उडालेल्या जागीच लावा, सगळं अक्षर पुन्हा मढवू नका. आणि वरून व्हार्निश नको; ते पिवळं पडतं, अस्सल सोन्याला त्याची गरजही नसते.