घरात छत्री एकच

ताई, मी ४९ वर्षांची. लग्न होऊन देवासहून इंदूरला आले त्याला २४ वर्षं झाली. पावसाची झड लागली की माझं मन बसतं. आठ-आठ दिवस ऊन नाही, भर दुपारी दिवे लावायचे, कपड्यांना कुबट वास आणि कारण नसताना रडू. घरात दुःख म्हणावं असं काही नाही. मुलगी बाहेरगावी शिकतेय, मजेत आहे. हे फार समजूतदार. दूध-भाजी येताना तेच आणतात, कारण घरात छत्री एकच आहे आणि ती त्यांच्याकडे असते. मी गाणी लावते, बैठकीत पिवळे पडदे केले, मोबाइलवर चांगले विचार ऐकते. तरी गणपती येईपर्यंत जीव रमत नाही. मन प्रसन्न ठेवायला आणखी काय करू?
— कोमेजलेली, तिलकनगर, इंदूर

बाई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा पिवळ्या पडद्यांशी हसू आलं. दुसऱ्यांदा छत्रीशी अडकले ती अडकलेच.

२४ पावसाळे! जून सरता सरता सुरू होतो तो सप्टेंबरपर्यंत इथला मुक्काम सोडत नाही, असा आपल्या माळव्याचा पाऊस. आणि घरात दोन धडधाकट माणसांत छत्री एक. मुलगी शाळेत होती तेव्हा तिला रेनकोट घेतला असेलच, दर दोन वर्षांनी नवा, मापाचा. तुमच्यासाठी काय घेतलं? काही नाही, कारण पावसात तुम्हाला कुठे जायचं असेल हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. तुमच्याही नाही.

आता तुमच्या समजूतदार यजमानांचं मी कौतुक करावं अशी अपेक्षा असेल, तर ते जमायचं नाही. भाजी आणणारा नवरा वाईट नसतो, मान्य. पण भाजीच्या पिशवीबरोबर तुमचं रोजचं बाहेर पडणंही त्यांनी स्वतःकडे घेतलं, आणि तुम्ही ते खुशाल देऊन टाकलंत. वर त्याला समजूतदारपणा म्हणताय. बैठकीभर पडद्यांना पैसे निघाले, छत्रीला निघाले नाहीत! आणि पडदा, पिवळा असो की जांभळा, खिडकी झाकायलाच असतो ना हो?

तुम्हाला उजेड कमी पडतोय. बाहेर मात्र तो भरपूर आहे. उत्तरेकडच्या थंड मुलुखांत हिवाळ्यात दिवस सात-आठ तासांचा उरतो, माणसं खचतात. या हिवाळी उदासीला अमेरिकेत डॉ. नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली नाव दिलं, आणि तिथे त्यावर सकाळी अर्धा तास १०,००० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) दिव्यासमोर बसवतात. तुम्हाला तोच आजार आहे असं मी म्हणत नाही. पण आपलं गाव बघा. कर्कवृत्त इंदूरच्या थोडंसंच वर. आषाढातला आपला दिवस तेरा तासांहून मोठा असतो, म्हणजे तुम्ही ज्या महिन्यात रडता तो वर्षातला सगळ्यात लांब दिवसांचा काळ. ढग दाटलेले असले तरी दिवसा उघड्यावर सहसा काही हजार लक्स उजेड असतो. ट्यूबलाइट लावलेल्या तुमच्या बैठकीत फार तर शे-दोनशे. आपल्या डोळ्यांना फरक फारसा कळत नाही, ते लगेच जुळवून घेतात. पण मेंदूतलं झोपेचं-जागेपणाचं घड्याळ सकाळच्या उजेडावर लागतं, आणि ते पडद्याच्या रंगाला भुलत नाही. बंद घरात दिवस दिवस काढलेत तर त्याला बिचाऱ्याला कळणार कसं की उजाडलं?

चांगले विचार ऐकणं बंद करा असं मी सांगत नाही. रात्री ऐका, झोप छान लागेल.

आणि तुम्ही देवासच्या. लहानपणी श्रावणात टेकरीवर चढताना एकदाही भिजला नाहीत, असं मला सांगू नका, मी विश्वास ठेवणार नाही.

इंदुरात छत्री म्हटलं की बाहेरचा माणूस कृष्णपुऱ्याला जातो, होळकरांच्या स्मरणार्थ बांधलेल्या दगडी छत्र्या बघायला. सुंदर आहेत. पण तसली छत्री गेल्यावर मिळते, तीही राजघराण्याला. तुम्हा-आम्हाला जिवंतपणीच आणि स्वतः जाऊनच घ्यावी लागते. तेव्हा हे वाचून झालं की उठा आणि राजवाड्याकडे जाऊन छत्री आणा. ‘हे येताना आणतील’ हे मला चालणार नाही. आणायला जायला छत्री नाही म्हणाल, तर भिजत जा. लांब दांड्याची घ्या, पर्समध्ये घडी होऊन विसरली जाणारी नको.

उद्यापासून रोज सकाळी सातच्या सुमारास ती उघडून अर्धा तास बाहेर. विजा कडकडत असतील तर थोडं थांबा, बाकी कुठलंही कारण सांगायचं नाही. पोह्यांच्या गाडीपर्यंत चालत जा, वर शेव-जीरावण घालून तिथेच उभ्यानं खा. बांधून आणायचे नाहीत. यजमानांना हवे असतील तर त्यांच्याकडे त्यांची छत्री आहे.

दोन आठवडे हे करूनही रडू थांबलं नाही, झोप-भूक उडाली, किंवा जगणं नकोसं वाटलं, तर मला पत्र लिहीत बसू नका, डॉक्टरकडे जा. जगणं नकोसं वाटलं तर दोन आठवडे थांबायचंही नाही. मनाच्या त्रासासाठी सरकारचा टेलिमानस हा १४४१६ क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो.

एक मात्र होणार, आताच सांगून ठेवते. आठवडाभरात यजमान आपली छत्री ऑफिसात विसरून येतील आणि सकाळी दारात उभे राहून तुमच्या छत्रीकडे बघतील. तुम्ही चपला घालायच्या, छत्री उचलायची आणि विचारायचं, ‘येताना तुमच्यासाठी काही आणू का?’